शहर सगळ्यांना मोकळं व्हावं म्हणून: कोकणातल्या नगरांसाठी कामाची वही

कोकणातलं नगर तिथे राहणाऱ्या आणि कामाला येणाऱ्या सगळ्यांना वापरता यावं, असं काम काढायचं तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून पुढ्यात घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत बोटींवरचे परप्रांतीय खलाशी आपापल्या मुलखात गेलेले असतात. आंब्याच्या बागांतले नेपाळी राखणदार मोहोराच्या सुमारास येतात आणि आंबा उतरला की निघतात. चिरेखाणीवर, रस्त्याच्या कामावर राबणारी कानडी कुटुंबं दिवाळीनंतर दिसू लागतात आणि पावसाच्या तोंडावर पालं मोडतात. गणपतीत आणि मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी उतरतात, ते वेगळंच. आता ‘शहरात कोण राहतं’ याची मोजणी जुलैत केलीत तर शहराचा मोठा भाग वहीत येणारच नाही. आणि सभा मे महिन्यात ठेवलीत तर वर्षातले तीन आठवडे इथे असणारी मंडळी बाकीच्या एकोणपन्नास आठवड्यांचं बोलून जातील, तेही भरभरून.

म्हणून चालणं आणि मोजणं नोव्हेंबरात, मागणी लेखी देणं डिसेंबरात. नगरपालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारीत सभेपुढे येतं, त्याचा कच्चा आराखडा लेखा विभागात त्याआधीच तयार होत असतो. जानेवारीच्या शेवटी दिलेला अर्ज फाईलला लागतो, आकड्याला लागत नाही.

कोणी आणि कुठे बसायचं

या कामाच्या समितीला सात ते नऊ माणसं पुरेत. पंधरा झाली की निम्मी फक्त फोटोला येतात. या सात-नऊंत मासळी विकणारी एक बाई, भाड्याने राहणारं एक माणूस, चाकाच्या खुर्चीवरचं किंवा काठी घेऊन चालणारं एक, बाहेरून कामाला आलेलं एक आणि शहरातल्या बौद्धवाडीतलं व मोहल्ल्यातलं प्रत्येकी एक हवंच. निवृत्त शिक्षक आणि बँकवाले आपणहून येतात, त्यांना शोधावं लागत नाही. अर्ज लिहायला त्यांचा उपयोग फार. पण अध्यक्षपद त्यांच्याकडे गेलं की सभा व्याख्यानमाला होते.

जागा नगरपालिकेच्या शाळेतला वर्ग. देवळाचा सभामंडप ऐसपैस असतो, पंखेही असतात, पण तिथली पायरी पिढ्यानपिढ्या न चढलेली माणसं आजही ती चढताना घुटमळतात आणि कारण कोणी बोलून दाखवत नाही. कुणाच्या पडवीत बसलात तर त्या घराशी अबोला असणारे येणार नाहीत. शाळा कुणाची नसते. वेळ ठरवताना शुक्रवारची दुपार टाळा आणि मासळीवाल्या बायकांना त्यांचा बाजार कधी उठतो ते विचारा. संध्याकाळी सातची वेळ नोकरदारांना सोयीची, पण शहराच्या टोकाच्या वाडीतल्या बाईला शेवटची एसटी गाठायची असते.

बोलताना एक पथ्य पाळा. ‘भैया’, ‘घाटी’, ‘गुरखा’, ‘कानडी’ हे शब्द सभेत कुणाचं नाव म्हणून चालणार नाहीत. पाच वर्षं एकाच बागेत राखण करणाऱ्या माणसाला सगळी आळी ‘बहादूर’ म्हणते आणि त्याचं खरं नाव मालकालाही ठाऊक नसतं. वहीत पहिला रकाना नावाचा ठेवा, नाव त्याच्याकडूनच लिहून घ्या. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, त्यामुळे बहुतेक वेळा तो स्वतः लिहील.

‘बाहेरची माणसं कशाला?’ हा प्रश्न पहिल्याच सभेत येणार. त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देऊ नका, भूगोलाने द्या. रेवदंडा-अलिबाग पट्ट्यात बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, शतकानुशतकं तेलघाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शेजारच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज मुळाची बोली बोलतात. जंजिऱ्यावर मूळचे आफ्रिकेतले सिद्दी होते. ब्रह्मदेशचा राजा थिबा रत्नागिरीत 1886 ते 1916 असा तीस वर्षं राहिला आणि इथेच वारला. समुद्रकाठच्या गावात बाहेरचं कोण, याचा हिशेब लावायला बसलात तर लावणाऱ्याचंच घर कधीतरी त्यात सापडतं. एवढं बोलून विषय पुढे न्या.

चालत जाऊन मोजा

तिघा-तिघांच्या तुकड्या करा, एका तुकडीला एक प्रभाग. सोबत पाच मीटरचा टेप, वही, चालू टॉर्च आणि चार फुटी सरळ फळी व तिच्यावर ठेवायला गवंड्याची लेव्हल. फेरी दोनदा मारा: एकदा सकाळी बाजाराच्या वेळी, एकदा अंधार पडल्यावर. एकाच फेरीत दोन्ही गोष्टी कळत नाहीत.

मासळी बाजारात काय पाहायचं? किती बायका ओट्यावर बसतात आणि किती खाली गोणपाटावर. ओट्यावरच्या जागा कोणाच्या नावावर आहेत आणि प्रत्यक्ष कोण बसतं. नळ किती, त्यांतले चालू किती. पिण्याचं पाणी त्याच नळाला आहे का. बायकांच्या शौचालयापर्यंत पावलं किती, दाराला आतून कडी आहे का, आत पाणी आणि दिवा आहे का, पैसे किती घेतात. बऱ्याच ठिकाणी पुरुषांना मुतारी फुकट असते आणि बाईला प्रत्येक वेळी पैसे मोजावे लागतात. मग ती सकाळी घरून निघाल्यापासून दुपारपर्यंत पाणीच पीत नाही. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि पुरुषाने विचारलं तर मुळीच सांगत नाही. बाजाराच्या तुकडीत दोन बायका असाव्यात त्या एवढ्यासाठी.

सरकारी दारांचं मोजमाप सोपं आहे. नगरपालिका, टपाल कार्यालय, दवाखाना, रेशन दुकान, मतदान केंद्राची शाळा: दारापर्यंत किती पायऱ्या, एकेकीची उंची किती, रॅम्प आहे का, असेल तर त्याचा उतार किती. उतार असा मोजा. चार फुटी, म्हणजे सुमारे 1.2 मीटरची फळी रॅम्पवर ठेवा. खालचं टोक लेव्हलचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचला आणि त्या टोकाखालची मोकळी उंची टेपने मोजा. 10 सेंटिमीटर आली तर उतार 1:12, म्हणजे नियमाप्रमाणे. 20 आली तर 1:6, म्हणजे तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी आहे. त्यावरून खुर्ची ढकलणारा माणूसही खाली येईल.

वस्तीत पाहायचं ते पाणी, दिवा, कचरागाडी आणि पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट. ज्या वाडीपर्यंत घंटागाडी जात नाही तिथे ती का जात नाही हे ड्रायव्हरला विचारा. ‘गाडी वळत नाही’ हे उत्तर आलं तर रस्त्याची रुंदी मोजून घ्या. कधी खरंच वळत नाही. कधी त्याच अरुंद रस्त्यावरून पाण्याचा टँकर वळत असतो.

या सगळ्याचा तक्ता एका कागदावर बसला पाहिजे. प्रभाग आडवे, सोयी उभ्या, चौकोनात आकडा. ‘सोय नाही’ असं लिहू नका, ‘नळ 4, चालू 1’ असं लिहा. मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवल्यावर पहिल्याला आश्वासन मिळतं, दुसऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

पैसा कुठे आहे ते शोधा

‘निधी नाही’ हे वाक्य ऐकण्याआधी माहिती अधिकारात अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे आणि ती ओलांडली की अर्ज परत येतो. उत्तराची मुदत 30 दिवस. उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे.

काय विचारायचं तेही नेमकं हवं. नगरपालिकेने आपल्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. महिला व बालकल्याण आणि दुर्बल घटक यांची शीर्षं त्याहून वेगळी. तेव्हा लिहा: ‘मागील तीन आर्थिक वर्षांत दिव्यांग कल्याण निधीची तरतूद, प्रत्यक्ष खर्च, कामनिहाय यादी व अखर्चित रक्कम यांची वर्षनिहाय माहिती द्यावी.’ एवढंच. ‘निधीचा गैरवापर का झाला?’ असं लिहिलंत तर ‘प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येईल आणि ते कायद्याला धरूनच असेल.

यादी आली की पाहा: पैसे नुसते वाटले गेलेत, की काही बांधलंही गेलं? वर्षाकाठी हातावर पडणारी छोटी रक्कम कुणालाही हवीच असते, ती बंद करा म्हणू नका. मागणी अखर्चित रकमेतून करा. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज दिलेला नसतो. नगरपालिकेवर प्रशासक असेल तेव्हा ठराव मांडायला नगरसेवक नसतो. अशा वेळी अर्ज थेट मुख्याधिकाऱ्यांना, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. तिथेही हललं नाही तर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस: तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, हे विसरून लोक त्याच दिवशी जातात आणि हात हलवत परततात.

पहिल्या वर्षी एकच काम मागा. फार तर दोन. बारा मागण्यांच्या निवेदनातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी मागणी मान्य होते, बहुधा स्वागत कमान.

पाखाडी आणि रॅम्प

हे काम सुरुवातीला घ्यायला चांगलं, कारण त्याला विरोध करायला कोणी उभं राहत नाही आणि झालेलं डोळ्यांना दिसतं.

तीन पायऱ्यांची चढण 45 सेंटिमीटर धरली तर 1:12 ने रॅम्पला 5.4 मीटर लांबी लागते. दारासमोर एवढी जागा क्वचितच असते. मग इंजिनीअर उतार वाढवतो. त्याला वाढवू देऊ नका, वळसा घालायला सांगा: अर्धा रॅम्प भिंतीलगत एकीकडे, मध्ये दीड मीटर लांब-रुंद सपाट टप्पा, उरलेला परत दुसरीकडे. रुंदी 1.2 मीटर मोकळी. कठडा दोन्ही बाजूंना आणि दोन उंचीवर, साधारण 70 आणि 90 सेंटिमीटर. खालचा कठडा मुलांना आणि खुर्चीवरच्या माणसाला, वरचा म्हाताऱ्यांना.

बिघडतं ते बहुतेक खालच्या टोकाला. रॅम्प गटाराच्या झाकणावर संपतो आणि झाकण दोन इंच वर असतं. दोन इंचांचा उंबरठा खुर्चीच्या पुढच्या लहान चाकाला पुरतो, पुढे जाताच येत नाही. दुसरी चूक गुळगुळीत टाईल. ठेकेदार ती ‘देखणं दिसतं’ म्हणून लावतो. कोकणच्या पावसात त्यावर चप्पलही ठरत नाही. सिमेंटचा पृष्ठभाग ओला असताना आडवा खराटा ओढून रेघा पाडलेला असावा, तो झाला की टेंडरात दाखवलेले टाईलचे पैसे कठड्याला लावायला सांगा. साधा लोखंडी पाईप खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत सोलवटतो आणि हात कापतो. हॉट डिप गॅल्व्हनाईज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला पाईप मागा. आणि रॅम्पच्या तोंडाशी दोन खांब अशा अंतरावर, की खुर्ची जाईल पण मोटरसायकल लावता येणार नाही: 90 सेंटिमीटर. तरी कोणीतरी स्कूटी आत घालतोच, पण निदान दहा जण घालत नाहीत.

पाखाडीचा रॅम्प होत नाही, तो हट्ट धरू नका. चिऱ्याच्या पाखाडीला एवढं पुरतं: सगळ्या पायऱ्या एका उंचीच्या, 15 सेंटिमीटरच्या आसपास, पाऊल मावेल अशी 30 सेंटिमीटर रुंदी, एका बाजूने सलग कठडा, दर दहा पायऱ्यांना टेकायला कट्टा आणि दोन दिवे. पाय मोडतो तो उंच पायरीवर नव्हे, वेगळ्या उंचीच्या पायरीवर. आठ पायऱ्या सहा इंचांच्या आणि नववी नऊ इंचांची असेल तर ती नववी माणूस पाडते. पायरीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा मारा. एवढं काम वर्गणीतूनही होतं, नगरपालिकेची वाट बघायची गरज नाही.

भाड्याचं घर

शहर माणसाला सामावून घेतं की नाही हे सगळ्यांत आधी घरमालकाच्या ओटीवर कळतं. रुग्णालयात नव्याने लागलेली नर्स, एकटी राहणारी शिक्षिका, आडनाव ऐकल्यावर ज्याला ‘कालच खोली गेली’ असं सांगितलं जातं तो तरुण. काही पाट्यांवर ‘फक्त शाकाहारी’ लिहिलेलं असतं. ज्या शहरात मालक स्वतः सकाळी बांगड्याची पिशवी घेऊन येतो तिथे त्या पाटीचा अर्थ सगळ्यांना कळतो, तिला काही आहाराशी देणंघेणं नसतं.

पण सगळे मालक दुष्ट नसतात. कोकणात एक भीती खोल बसलीय, कूळ लागेल याची. कूळकायद्यात जमीन गेलेल्यांच्या गोष्टी घराघरांत आहेत आणि खोली भाड्याने देतानाही तीच मनात येते. ही भीती कागदाने जाते, उपदेशाने जात नाही. मालकाला तीन गोष्टी समजावून सांगा. एक, राहत्या खोलीचा लीव्ह अँड लायसन्स करार म्हणजे शेतजमिनीचं कूळ नव्हे. दोन, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 24 नुसार मुदत संपल्यावर राहणाऱ्याने खोली सोडायची असते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून ताबा. तीन, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करणं ही मालकाची जबाबदारी. तो केला नाही आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. हे तिसरं ऐकल्यावर बहुतेक मालक सरसावून बसतात.

खर्चही सांगा. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, एकूण भाडं आणि अनामत रकमेवरचं वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. महिना 6000 भाडं, 11 महिने म्हणजे 66,000. अनामत 20,000, तिचं व्याज सुमारे 1800. मुद्रांक पावणेदोनशेच्या घरात. नोंदणी फी नगरपालिका हद्दीत 1000, वर ऑनलाईन करून देणाऱ्याची हजेरी. ती कोणी द्यायची ते दोघांनी आधी ठरवावं. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचा फॉर्म त्याच बैठकीत भरा.

मग दहा-बारा घरमालकांची यादी करा, जे जात-धर्म-एकटी-दुकटी न पाहता खोली देतील. यादी फोनवर फिरवू नका, एका माणसाकडे ठेवा आणि विचारणा आली की त्याने जोडून द्यावी. उघड्या यादीचं होतं असं, की आठ दिवसांत दलाल फोन करू लागतात आणि चांगले मालक नाव काढायला सांगतात. पहिल्या महिन्यात काही खटकलं तर दोघांनी फोन कोणाला करायचा तेही ठरलेलं असावं. पाण्याच्या वेळा आणि पाहुण्यांचं येणं, भांडणं या दोनच कारणांची असतात.

बाजारात बसणाऱ्यांचा कायदा

पथविक्रेता अधिनियम 2014 चा आहे आणि कित्येक नगरांत तो फक्त कपाटात आहे. त्यानुसार दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हायला हवं. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले, आणि त्यांत एक तृतीयांश बायका. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस.

मासळी, भाजी आणि रानमेवा विकणाऱ्या बायकांना त्यातली एक तरतूद तोंडपाठ करून द्या: माल जप्त केला तर जागेवर यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल दावा केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. इतर माल दोन कामाच्या दिवसांत. टोपली गाडीत टाकताना ‘यादी द्या’ एवढं म्हटलं तरी बऱ्याचदा टोपली खाली उतरते. सर्वेक्षण जाहीर झालं की सकाळी सात ते नऊ बाजारात उभे राहा. अकरा वाजता येणाऱ्या कर्मचाऱ्याला डोंगरावरून करवंदं, आळू, शेवग्याच्या शेंगा घेऊन आलेली कातकरी किंवा धनगर बाई दिसत नाही, तिचा माल तोवर विकून ती परत निघालेली असते. ओट्याच्या वाटणीत गाबीत, कोळी, दालदी, भंडारी या समाजांत जुनी ओढाताण असू शकते. चिठ्ठी टाकून वर्षाला जागा फिरती ठेवणं हा त्यातल्या त्यात कमी भांडणाचा मार्ग.

शाळा, रेशन, मतदारयादी

इथे काम कमी आणि हेलपाटे जास्त. शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयाच्या मुलाला वर्षात केव्हाही, वयाचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नसतानाही प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापक का कचरतात ते समजून घ्या: पावसाच्या तोंडावर कुटुंब निघून गेलं की मूल त्यांच्या पटावर शाळाबाह्य दिसतं. त्यावर उपाय आहे, निघताना शिक्षण हमी पत्रक, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत दाखवायचा कागद, मागून घेणं. पालकांना त्याची आठवण एप्रिलमध्येच करून द्या.

दुसऱ्या राज्यातलं रेशनकार्ड अन्न सुरक्षा योजनेतलं असेल तर इथल्या दुकानात आधारच्या अंगठ्यावर धान्य मिळतं. अडतं ते अंगठ्यावरच. जाळं ओढून आणि बर्फ फोडून खलाशांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. दहाही बोटं लावून पाहा, हात कोमट पाण्याने धुऊन, पुसून. घरी मागे राहिलेल्या कुटुंबाने त्या महिन्याचं धान्य आधीच उचललं असेल तर इथे त्याच्या वाट्याचं शिल्लक नसतं, हे दुकानदाराशी भांडण्याआधी विचारा.

मतदारयादीत नवं नाव अर्ज क्रमांक 6, पत्ता बदल अर्ज क्रमांक 8. वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली का ते ज्या दिवशी धरतात त्या तारखा, आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. भाडेकरूंना वाटतं की मालकाची परवानगी लागते. लागत नाही. राहण्याचा पुरावा लागतो, आणि नोंदणीकृत करार इथेही कामाला येतो.

वाळीत टाकलेलं घर

हा भाग जपून वाचा. किनारपट्टीवर, विशेषतः रायगडकडे, गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, घर वाळीत टाकण्याचे प्रकार होत आले आहेत. कारण जमीन, निवडणूक, लग्न, काहीही असतं. खूण बारीक असते: दुकानदार ‘माल संपला’ म्हणतो, पाण्यावर कोणी बोलत नाही, मयताला खांदा मिळत नाही.

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा 2016 चा आहे, 2017 पासून लागू. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचं काम तक्रारीआधीचं: तारीख, वेळ, ठिकाण, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं, याची रोजची नोंद त्या कुटुंबाकडून लिहून घेणं. बैठक बोलावल्याचा मेसेज, दंडाची पावती, काहीही असेल त्याचा फोटो. मग पोलीस ठाणं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. गावकीच्या बैठकीत ‘समेट’ करायला एकट्याने जाऊ नका. तिथे समेट म्हणजे त्या घराने माफी मागून दंड भरणं, आणि तुम्ही त्याचे साक्षीदार ठरता. आणि तक्रार करायची की नाही हे त्या कुटुंबाने ठरवायचं, तुमच्या समितीने नव्हे. उद्या त्याच पाखाडीवरून त्यांना जायचं असतं.

शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात जाते आणि कोणाच्या जात नाही, हा प्रश्न तुमच्या सभेत कोणीतरी काढेलच. प्रश्न खरा आहे. पण पहिल्या वर्षी त्याला हात घालू नका. मानपानाचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतात आणि तोवर तुमचा नळही अडतो. दोन-तीन कामं एकत्र केलेली माणसं चौथ्या वर्षी तो विषय आपसूक वेगळ्या आवाजात बोलतात.

वस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. नाव बदलायचं तर राहणाऱ्यांनीच बदलावं. काही बौद्धवाड्यांना आपलं नाव अभिमानाचं वाटतं, तिथे समतानगराची पाटी बाहेरच्यांनी नेऊन लावणं हा आगाऊपणा. ठराव झाला तर पाटीवर थांबू नका: वीजबिल, टपाल, शाळेचा दाखला, रुग्णवाहिकेला सांगायचा पत्ता, सगळीकडे तो उतरायला वर्ष लागतं.

ठराव झाल्यावर

महाड नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 सालीच केला होता. तीन वर्षं तो दप्तरात राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा तो कागद पाण्याला लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि हायकोर्टाचा निकाल लोकांच्या बाजूने लागायला 1937 उजाडलं.

म्हणून बांधकाम पूर्ण झाल्याची फीत कापली की काम सुरू होतं असं धरा. रॅम्प झाला त्या आठवड्यात खुर्चीवरच्या चार जणांनी वेगवेगळ्या दिवशी, कोणालाही न कळवता, आत जाऊन एखादा दाखला मागावा. वरच्या टोकाचं दार कुलूपबंद असतं हे असंच कळतं. बायकांचं शौचालय उघडलं की किल्ली कोणाकडे, ते पाहा. ती शिपायाकडे असेल तर ते बंद आहे असं समजा. किल्ली बाजारातल्या दोन बायकांकडे द्या, झाडलोटीचा मेहनताना नगरपालिकेकडून लेखी ठरवून घ्या. नळाला आलेलं पाणी आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी पाहून वहीत लिहा.

आणि पावसाळा. जुलैच्या मध्यापर्यंत जांभ्याच्या पाखाडीवर आणि सिमेंटच्या रॅम्पवर हिरवं शेवाळ धरतं. गणपतीआधी दोनदा घासावं लागतं, एकदा जुलैच्या शेवटी आणि एकदा चतुर्थीच्या आठवडाभर आधी. उघडीप बघून ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडायचं, अर्धा तास सोडायचं, मग तारेच्या ब्रशने वरून खाली घासत यायचं. हातात रबरी मोजे हवेत. उतार विहिरीकडे असेल तर पावडर नको, नुसता ब्रश आणि जास्त मनगट. पन्नास पायऱ्यांना चार माणसं आणि एक सकाळ पुरते. ज्यांच्या दारावरून पाखाडी जाते त्या सगळ्या घरांतून एकेक जण यावा, आणि त्यात भाड्याच्या खोल्याही धरायच्या.